एवढी शिवण

तिला सगळे ‘वही’ म्हणत. सिनेमा शिकवणाऱ्या त्या कॉलेजात टोपणनावातून कुणी सुटत नसे, आणि हिच्या हातात सदा न कदा एक जाड वही असायची. तिचं काम कंटिन्युइटीचं. म्हणजे एका शॉटमध्ये बाईच्या उजव्या हाताला कप असेल, तर पुढच्या शॉटमध्येही तो तिथेच आहे ना, तेवढाच भरलेला आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि लिहून ठेवायचं. हे काम नीट झालं तर कुणाला दिसत नाही, चुकलं तर शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्यालाही दिसतं. घरातल्या थोरल्या सुनेची गत. वहीला याचा मनापासून वीट आला होता, आणि ती तो लपवतही नसे.

शेवटच्या वर्षाला चौघांचा मिळून एक सिनेमा करायचा होता. बारा मिनिटांचा. कागदावर त्याला सामूहिक प्रकल्प म्हणत आणि मार्कही चौघांना एकच मिळणार होते. प्रत्यक्षात सामूहिक म्हणजे एकाने सांगायचं आणि तिघांनी समूहाने ऐकायचं. सांगणाऱ्याला ‘साहेब’ म्हणत, कारण पहिल्याच दिवशी त्याने न विचारता सगळ्यांना चहा आणायला पिटाळलं होतं. तो दिग्दर्शक. कॅमेऱ्यावर ‘भिंग’, ज्याच्या चष्म्याच्या काचा बघून लोक त्याला कॅमेरा द्यायला घाबरत. आवाज पकडायला ‘कान’. तो हेडफोन घालूनच जेवायचा, त्यामुळे त्याच्याशी कुणाचं भांडण होत नसे.

गोष्ट साहेबाने लिहिली होती. एक शिवणारी बाई आहे, तिची खोली उद्या रिकामी करायची आहे, ती शेवटचं कापड शिवते आणि शिवता शिवता रडते. संपलं. स्वतःच्या शर्टाचं बटण ज्याला लावता येत नव्हतं त्याला ही गोष्ट कुठून सुचली कोण जाणे, पण सुचली. बाई कुठून आणायची, मशीन कुठून आणायचं, खोली कुठून आणायची, यावर आठवडाभर नुसता खल चालला. शेवटी वहीच म्हणाली, “माझी आत्या शिवते.”

एका वाक्यात तिने बाई, मशीन आणि खोली तिन्ही देऊन टाकलं. तिला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

आत्या ऑल्टरेशनची कामं करायची. पँट आखूड करणं, झिपा बदलणं, कोटाचे खांदे आत घेणं. तिचं म्हणणं असं, की ऑल्टरेशन चांगलं झालं की ते झालंय हेच कळत नाही. हे ऐकलं की वहीला हसू यायचं. दोघींच्या नशिबी न दिसणारंच काम आलं होतं. रस्त्याकडची पुढची खोली मशीनची, मध्ये एक पडदा, आणि पडद्यामागे आतली खोली, जिच्यात एक पलंग आणि एक कपाट. त्या पलंगावर वहीचे बाबा गेले, तेव्हा ती पाच वर्षांची होती. आई त्याच्या आधीच गेली होती. म्हणजे मेली नव्हती, गेली होती. मग आत्यानेच भाचीला वाढवलं.

आणि वाढवताना एक विचित्र सवय लावून घेतली. वहीने आतून “आत्या” म्हटलं की मशीनचा आवाज तिथल्या तिथे थांबायचा. सुई कापडात रुतलेली, पँटचा एक पाय शिवलेला, एक लोंबतोय, आणि आत्या पडद्यातून आत. गिऱ्हाइकं चेष्टा करत, की पोरीने शिंकलं तरी आमच्या झिपा अडतात. सोळा वर्षांत वहीला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नाही. सगळ्या घरांत असंच असतं अशी तिची समजूत होती.

त्याचं कारण तिला कॉलेजात प्रवेश मिळाला त्या दिवशी कळलं. आत्याने दुपारी मशीनवर झाकण घातलं, हेच मुळात नवल. म्हणाली, की तुझा बाप शेवटचे दोन महिने दर पाच मिनिटांनी हाक मारायचा. पाणी दे, उशी सरकव, खिडकी लाव, खिडकी उघड. मी उठून उठून दमले होते. त्या दिवशीही त्याने हाक मारली आणि मी म्हटलं, आले, एवढी शिवण संपवते. त्याने पुन्हा हाक मारली नाही. मला बरं वाटलं, झोप लागली असेल. मी ती शिवण संपवली, दुसरीही घेतली. मग आत गेले.

इतकं सांगून आत्याने झाकण काढलं आणि पुन्हा शिवायला बसली. “कुणाला सांगू नकोस असं मी म्हणत नाही,” ती म्हणाली, “तुला कळतंच.”

हे त्या घरातलं एकमेव गुपित होतं, आणि ते दोघींच्या मध्ये ठेवलेलं होतं.

शूटिंग तीन दिवसांचं. आत्याने गिऱ्हाइकांना आठवडाभर पुढच्या तारखा दिल्या, खिडकीच्या काचा पुसल्या, आणि पहिल्या दिवशी चौघांना विचारलं, की मला बोलायचं काय आहे. काहीच नाही म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. शिवायचं तर रोजचंच आहे, म्हणाली. दोन दिवस ती झकास शिवली. भिंगाने तिच्या हातांचे इतके शॉट घेतले की साहेबाला त्याला आवरावं लागलं. लाइट लागला की ती डोळे किलकिले करून “उन्हात बसवलंत की काय मला” म्हणायची आणि कानसुद्धा हेडफोन काढून हसायचा.

अडलं ते तिसऱ्या दिवशी. रडणं राहिलं होतं. कॅमेरा कॉलेजचा, संध्याकाळी सहाला परत द्यायचा, आणि सकाळपासून नऊ टेक झाले तरी आत्याच्या डोळ्यांत टिपूस नाही. टेक चांगला झाला की वहीने पुढे ‘ओके’ लिहायचं आणि फुकट गेला की ‘एनजी’. आत्याच्या नावापुढे नऊ एनजी एकाखाली एक लागले. साहेबाने तिला खोली जाण्याचं दुःख समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, खोली माझ्या नावावर आहे. डोळ्यांत ग्लिसरीन घालून पाहिलं, तर तिने सवयीने बाहीला डोळे पुसले. शेवटी तिने सरळ सांगून टाकलं, “मशीनवर मी रडत नाही बाबा. गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग पडतो.”

जेवायच्या सुट्टीत साहेब वहीला घेऊन बाहेर बोळात आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. तुझी वही नसती तर आपण बुडालो असतो, म्हणाला. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, यात तो पटाईत. मग हळूच म्हणाला, की सिनेमाच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या पाटीवर तुझ्या नावापुढे नुसतं कंटिन्युइटी लिहिणं त्याला पटत नाहीये, सहदिग्दर्शन लिहायचा विचार आहे. अर्थात सिनेमा झाला तर. आणि मग विचारलं, “तुझी आत्या कशाने रडेल, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत असणार?”

इथे वहीच्या बाजूने काही सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं. पण खरं असं, की तिने फार वेळ घेतला नाही. सहदिग्दर्शन हा शब्द तिच्या कानात वाजत होता. तीन वर्षं दुसऱ्यांचे कप मोजले होते. तिने सांगितलं. आधी थोडं, मग सगळं. जिभेला हाड नसतं. आतल्या खोलीतून हाक मारायची, हेही तिनेच सुचवलं. साहेबाने तिथेच बोळात हाक मारून दाखवली, “ताई.” ती म्हणाली, इतकी मोठ्याने नाही, शेवटी शेवटी बाबांचा आवाज राहिला नव्हता. त्याने पुन्हा मारली. आणखी हळू, ती म्हणाली. चौथ्या वेळी तिच्या अंगावर काटा आला आणि ती म्हणाली, हां, अशी.

आत येऊन सगळे आपापल्या जागी गेले. साहेब आतल्या खोलीत, पडद्याआड. भिंग मशीनसमोर, आत्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा लावून. वही कॅमेऱ्याला खेटून. तिने टेक सुरू झाल्याचा क्लॅप दिला. आत्याने राखाडी पँटचा पाय सुईखाली घेतला आणि मशीन चालू झालं.

“ताई,” आतून आवाज आला.

आत्याचा पाय थांबला. ती खुर्चीतून अर्धी उठली, हात पडद्याकडे गेलासुद्धा. मग तो हात हवेतच राहिला. घरात कोण आहे आणि कोण नाही हे तिला आठवलं असावं. ती खाली बसली, दोन्ही हात कापडावर ठेवले, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही. डाग पडतोय याचंही तिला भान नव्हतं. वहीने आत्याला असं कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहवतही नव्हतं, तरी ती बघत राहिली, कारण बघणं हेच तिचं काम होतं.

साहेब पडद्यातून बाहेर आला तो हात जोडूनच. आवाज पकडणारा कान नाक ओढत होता. वहीने ओके लिहिलं. दहावा टेक. मग भिंगाने तो शॉट कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पुन्हा लावून पाहिला आणि चष्मा वर करून म्हणाला, “टेप कुठाय?”

सकाळच्या लांबच्या शॉटमध्ये आत्याच्या गळ्यात माप घ्यायची टेप होती. जेवताना तिने ती काढून खिळ्याला अडकवली होती आणि ती तिथेच लटकत होती. वहीच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: टेप गळ्यात, पिवळी बाजू वर, टोक डावीकडे. जेवणानंतर प्रत्येक वस्तू वहीशी ताडून बघायची, हा तिचाच नियम. तीन वर्षांत एकदाही चुकला नव्हता. आज ताडायच्या वेळेला ती बोळात हाक मारायला शिकवत होती.

सगळं मुसळ केरात गेलं. साहेब तिच्याकडे नुसता बघत राहिला. एका क्षणापुरतं वहीच्या मनात आलं, की म्हणावं, राहू द्या, टेपकडे कोण बघतंय. किंवा म्हणावं, बस झालं, हिला सोडा आता. दोन्ही वाक्यं तोंडाशी आली होती. पण तीन वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

“आत्या, टेप घालायची राहिली.”

तिनेच खिळ्यावरची टेप काढली आणि आत्याच्या गळ्यात घातली. आत्याने मान खाली केली. मान ओली होती. पिवळी बाजू वर, टोक डावीकडे. मग भिंग म्हणाला, पँटवर डाग दिसतोय. तेव्हा वहीने आत्याचीच इस्त्री तापवली आणि त्या राखाडी कापडावरचं आत्याच्या डोळ्यांतलं पाणी दाबून दाबून वाळवलं. वाफ आली.

“पुन्हा तसंच?” आत्याने साहेबाला विचारलं.

“पुन्हा तसंच, आत्या. अगदी तसंच.”

“आणि तू परत आत जाणार.”

साहेब हो म्हणाला आणि आत गेला. वहीने क्लॅप दिला. मशीन सुरू झालं.

“ताई.”

मशीन थांबलं नाही. आत्याचे डोळे सुईवर, बोटं कापड पुढे सारताहेत.

“ताई,” साहेबाने स्वतःच्या मनाने आणखी एक हाक मारली. मशीन चालूच. आत्याने ती शिवण शेवटपर्यंत नेली. टोकाला मागेपुढे दोन टाके घातले, उसवू नये म्हणून घालतात तसे. कापड बाहेर ओढलं, बारीक कात्रीने दोरा तोडला. मग मान वर केली आणि बघितलं. तिच्या डोळ्यांत आता पाणी नव्हतं. ती कॅमेऱ्यात बघतेय असं भिंगाला वाटलं. ती कॅमेऱ्यात बघत नव्हती. कॅमेऱ्यापासून वीतभर बाजूला जी उभी होती तिच्याकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर सोसलं असतं. ती नुसती बघत होती, कुणीतरी घरात शिरलंय आणि ते आपलंच माणूस आहे हे ओळखू आल्यासारखी. वहीने मान खाली घालून वहीत डोकं खुपसलं, आणि कट म्हणेपर्यंत वर पाहिलं नाही.

आतून काही दिसत नसल्याने साहेबाने येऊन विचारलं, काय झालं, रडली का. भिंग हळू म्हणाला, “नाही. पण हा घे. हाच घे.” वहीने अकराव्या टेकपुढे ओके लिहिलं.

आत्याने गळ्यातली टेप काढली, गुंडाळली. लाइट बंद झाले तेव्हा ती वहीजवळ आली आणि इतकं हळू बोलली की कानलाही ऐकू गेलं नाही.

“माझा भाऊ मला ताई म्हणत नव्हता. तायडे म्हणायचा. तू लहान होतीस, आठवत नसेल. वहीत लिहून ठेव, पुढच्या वेळी चुकायला नको.”

मग तिने चौघांना चहा केला. वहीच्या कपात नेहमीसारखी अर्धा चमचा साखर जास्त घातली. सहाच्या आत कॅमेरा परत गेला.

सिनेमा चांगला झाला. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत पहिला आला. परीक्षकांपैकी एक बाई माइकवर म्हणाल्या, की त्या शेवटच्या नजरेत साऱ्या जगावर ठेवलेला आरोप आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत बसलेल्या वहीला माहीत होतं, की त्या नजरेचा साऱ्या जगाशी काही संबंध नाही, फार तर एका खुर्चीशी आहे. ती नजर कशी मिळवली असं सगळे साहेबाला विचारत होते. साहेबाने तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, सगळं हिचं आहे. पाटीवरही लिहिलेलं होतं, सहदिग्दर्शन आणि पुढे तिचं नाव, मोठ्या अक्षरात. माणूस शब्दाला जागला. त्याने फसवलं असतं तर तिला त्याचा राग तरी करता आला असता.

आत्या सिनेमा बघायला आली नाही. गिऱ्हाइकाचा कोट द्यायचाय, म्हणाली. तिने अबोला वगैरे काही धरला नव्हता. जेवलीस का विचारायची, केस कापायला झालेत म्हणायची, वहीच्या बॅगेची तुटलेली चेन तिने न सांगता बदलून ठेवली होती. वहीने दोनतीनदा माफीचा विषय काढायचा प्रयत्न केला, तर आत्या म्हणाली, “अगं, तुमचं काम झालं ना? मग.” आणि तो विषय तिथेच मिटला, म्हणजे मिटवला गेला.

बक्षिसाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वही घरी आली. आत्या मशीनवर होती. तिने मान हलवली. वही आतल्या खोलीत गेली, सन्मानचिन्ह कपाटावर ठेवलं, खाली घेतलं, पुन्हा ठेवलं. मग पलंगावर बसली. बाहेर मशीनचा आवाज येत होता. तिला काहीच नको होतं, ना पाणी ना उशी. तरी तिने हाक मारली.

“आत्या.”

मशीन चालूच राहिलं. रस्त्यावर गाडी गेली असेल, ऐकू आलं नसेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण गाडी गेली नव्हती. सोळा वर्षांत पहिल्यांदा तिने दुसऱ्यांदा हाक मारली.

“आले,” पडद्याबाहेरून आवाज आला. त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. “एवढी शिवण संपवते.”

वही पलंगाची कड धरून बसली आणि ऐकत राहिली. शिवण कुठवर आली हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं, लहानपणापासून कळायचं. टोक आलं. मागेपुढे दोन टाके पडले. कात्रीचा आवाज आला. ती उठून उभी राहिली, पडद्याकडे तोंड करून.

बाहेर आत्याने दुसरी शिवण घेतली.